कुलपातलं पहिलं बोट

आत्या, त्या सकाळी मी रोजच्यासारखीच उठले होते. ओटी झाडून शेणानं सारवली, विहिरीच्या दोन खेपा घातल्या, गोठ्यातलं शेण काढलं, चूल पेटवून नाचणीच्या भाकऱ्या टाकायला घेतल्या. तुम्ही माजघरात वालाच्या शेंगा सोलत बसला होतात. तुमच्या थोरल्या मुलाचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, तेरावं आदल्या दिवशी उरकलं होतं. माझ्या बांगड्या फुटल्या होत्या, डोरलं उतरलं होतं, कपाळ पुसलं होतं; पण भाकऱ्या थापणारे हात तेच होते आणि खाणारी तोंडंही, एक सोडून, तीच होती. दुपारच्या जेवणाला तांदूळ काढायचे म्हणून मी कणगीच्या खोलीकडे वळले आणि कमरेचा छल्ला काढला. त्याला दोन किल्ल्या होत्या, एक त्या खोलीची आणि एक पुढच्या दाराची. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तो छल्ला इकडं दे." मला वाटलं, तुम्हालाच काही काढायचं असेल. मी दिला. तुम्ही शेंगा बाजूला सारल्या, धाकट्या सुनेला हाक मारली आणि ती न्हाणीतून ओले केस पुसत आली तसा छल्ला तिच्या कमरेला खोवलात. "आजपासून घराचं कुलूप सवाष्णीच्या हातानं उघडंल," असं म्हणालात. आणि मला म्हणालात, "तू तांदूळ तिच्याकडनं मागून घेत जा." मग परत शेंगा सोलायला लागलात. मी चुलीपाशी आले तोवर तव्यावरची भाकरी करपली होती.

तुम्हाला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मेलेल्या माणसावर राग धरू नये असं म्हणतात. मी धरला आहे. हे पत्र तुम्हाला माफ करायला लिहीत नाही आणि तुमची माफी मागायलाही नाही. इथे एक गोष्ट घडली आहे, ती तुम्हाला कळवायची आहे, आणि कळल्यावर ती तुम्हाला लागावी अशी माझी इच्छा आहे.

तो छल्ला तुम्हीच मला दिला होता हे तुम्ही विसरला होतात काय? मी टोकावड्याकडून शेणव्याच्या बाजूला लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी तुम्ही तो माझ्या कमरेला अडकवलात. चांदीचा, मोराचा. शेजारणी बघत होत्या आणि तुम्ही त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "माजी थोरली सून हाय, घर आता तिच्या कमरेला." मला तेव्हा मान ताठ करून चालावंसं वाटलं होतं. आमचे हे सकाळी सायकलला कॅन लावून शहापूरला दूध घालायला जात, त्यांची परत यायची आणि माझी पाणी आणायची वेळ एकच असायची. ते म्हणायचे, "तू वळणावर असतेस तेवाच मला कळतं. किल्ल्या वाजतात ना." ते गेल्यावर मी त्याच वळणावरून रोज पाणी आणलं. काही वाजायचं नाही. माणूस गेल्याचं दुःख सगळ्यांना दिसतं, त्याला रडायला चार बायका येतात. हे न वाजणं माझं मलाच ऐकू यायचं.

किल्ली गेली म्हणजे काय गेलं हे बसल्या जागी सांगता येणार नाही, ओटीवर बसून बघावं लागतं. भात लावायच्या, आवणीच्या दिवसांत मी गुडघाभर चिखलातून यायची, लुगडं पोटऱ्यांना चिकटलेलं, पाठीशी पोर, आणि दाराला कुलूप. धाकटी माहेरी सापगावला गेलेली, नाहीतर बाजाराला, नाहीतर नुसती कुणाच्या तरी पडवीत गप्पा मारत. मी ओटीवर बसून राहायची. एकदा तुम्ही लेकीकडे मुरबाडला गेला होतात आणि धाकटी आली ती अंधार पडल्यावर. पोरानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भिंतीच्या पलीकडे कणगी भरून भात होतं, मी लावलेलं, मी कापलेलं, मी झोडलेलं. शेवटी मी शेजारच्या म्हातारीकडून वाडगाभर पेज मागून त्याला पाजली. दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, तुम्हाला कुणीतरी सांगितलं. माझ्या पोराच्या पोटाबद्दल तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. "शेजारी हात पसरलास? कणगी भरलेल्या घरची सून तू, आमची अब्रू गावभर वाटलीस!" असं तुम्ही अंगणात उभं राहून ओरडलात, म्हणजे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. धाकटी दारात उभी होती. छल्ल्यातलं बोट तिनं काढलं नाही, फिरवत राहिली.

वाचायला मी त्याच ओटीवर शिकले, बंद दारापाशी. पोरगं शाळेत जायला लागलं होतं, वाट बघता बघता ते पहिलीचं पुस्तक काढून बसायचं आणि मी त्याच्या खांद्यावरून बघायची. पुढे ते दुसरीत गेलं आणि मी त्याच्या पुढे गेले. सुकटीच्या पुडीचा कागद, खताच्या गोणीवरचं, एसटीच्या पाटीवरचं, मिळेल ते वाचायची. तुम्ही हसून म्हणालात, "आता काय मामलेदारीन होनार काय गो?" नाही झाले. पण तुम्ही मला बाहेर बसवलं नसतंत तर मला आज हे लिहिता आलं नसतं. हे तुमचे उपकार म्हणून मी मोजत नाही. तुम्ही ते द्यायला म्हणून दिलं नव्हतं.

शेवटच्या आजारपणात तुम्हाला कुशीवर कोण वळवायचं, तुमची लुगडी कोण धुवायचं, हे तुम्हाला माहीत आहे. तोंडाला तांब्या मी लावायची. मला वाटायचं, एकदा तरी म्हणाल. फार नाही, एवढंच, की धाकटीला म्हणाल, "एक किल्ली हिला पन करून दे." बाजारात किल्ल्या करून देणारा बसतो, एवढं अवघड नव्हतं. तुम्ही माझं मनगट धरायचात आणि म्हणायचात, "पेज पातळ कर थोडी." मी पातळ करून द्यायची. तशाच तुम्ही गेलात.

आता ऐका. जुनं घर पडायला आलं होतं. दिराची आणि आमची वाटणी झाली, मधे भिंत आली आणि आमच्या वाट्याला आलेल्या भागात पोरानं नवं घर बांधलं. स्लॅबचं. पोरगा हायवेवरच्या गोदामात शिफ्टनं जातो, सून शहापूरला एका दवाखान्यात कामाला आहे. कधी हा रात्रपाळीला, कधी तिला उशीर, किल्ली कुणाकडे ठेवायची याची रोज फोनाफोनी. गोदामात बोट लावून हजेरी लागते, ते बघून त्यानं ठरवलं की घरालाही बोटाचं कुलूप लावायचं. "आई, किल्लीची भानगडच नको. ज्याचं घर, त्याचं बोट." तो सहज बोलून गेला. मी तांदूळ निवडत होते, माझा हात सुपातच थांबला.

कल्याणहून एक माणूस आला कुलूप बसवायला. दाराला भोक पाडून त्यानं काळ्या रंगाची एक लांबट पट्टी बसवली, तिच्यावर रुपयाएवढी गोल काच. आमचं कुलूप स्वस्तातलं आहे, ते दोनच गोष्टींनी उघडतं: बोटानं, आणि अडीनडीला किल्लीनं. दार ओढून घेतलं की आपोआप लागतं. त्यानं विचारलं, "मावशी, घरात जास्त वेळ कोन असतं?" मी म्हटलं, "मीच." "मग पयलं बोट तुमचं. पयलं बोट म्हंजे मास्टर. दुसऱ्यांची बोटं घालायची, काढायची, ते तुमच्या बोटाबिगर होनार नाय." जाऊ, म्हणजे तुमची धाकटी, भिंतीपलीकडून बघायला आली होती, कमरेवर हात ठेवून उभी. ती म्हणाली, "पयलं बोट सवाष्णीचं घाला रे. सून येऊ दे कामावरनं." त्या माणसाला काही कळलं नाही. तो म्हणाला, "काकू, मशीनला तसं काय नसतं," आणि माझा अंगठा धरून काचेवर ठेवला.

अंगठा लागेना. मला ते ठाऊकच होतं. रेशनच्या दुकानातलं मशीनही माझा अंगठा ओळखताना रडतं, पुसून पुसून लावावा लागतो. रोपाची मूठ सोडवून चिखलात खोवायची ती अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांनी, इतकी वर्षं. त्या तिन्ही बोटांवर आता रेषा म्हणाव्यात अशा उरलेल्या नाहीत. तो माणूस समजावत होता, की मशीन बोटाचा फोटो काढून ठेवत नाही, रेषा कुठे फुटतात, कुठे मिळतात, त्याचं गणित करून ठेवतं. काचेतून बारीक वीज जाते, ती चढावर वेगळी लागते आणि खळग्यात वेगळी, म्हणून मेणाचं बोट चालत नाही आणि ओलं, माखलेलं बोटही चालत नाही. मी म्हटलं, "आणि झिजलेलं?" "झिजलेलं पन नाय चालत मावशी. दुसरं बोट बगू." मग त्यानं करंगळीशेजारचं बोट लावलं. ते लगेच लागलं. त्यानं ते परत परत लावायला लावलं, मधून, कडेनं, टोकानं, आणि हिरवा दिवा लागला. "हे बोट मस्त हाय. हे तुमी कशाला वापरतच नाय वाटतं!" तो खुशीत म्हणाला. पोरानं खाली बघितलं. ज्या बोटानं बायका कुंकू लावतात ते ते बोट. माझं कुठून झिजणार?

मग पोराचं बोट घातलं, संध्याकाळी सुनेचं. आणि मग पोरानं जावेला हाक मारली, "काकी, तुझं पन दे." मी त्याला आत नेऊन विचारलं, "तिचं कशाला रे?" तो म्हणाला, "असू दे गो आई. आमी दोघं कामावर, तू एकटी. उद्या आत पडलीस-झडलीस तर शेजारचं मानूस आत यायला नको?" त्याचं बरोबर होतं. बरोबर असलेल्या गोष्टीवर भांडता येत नाही. जावेचं बोट घालताना मशीननं आधी माझं बोट मागितलं. मी लावलं. आत्या, तिला आत यायची परवानगी मी दिली, माझ्या बोटानं. त्या वेळी मला वाटलं, एवढ्यावर आपलं समाधान व्हायला हरकत नाही.

झालं नाही. वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी मंडपात गडबड होती. मी नवं पातळ नेसून पुढे आले, तर जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, तू मागं जेवनाचं बघ. सवाष्णी आत गेल्या की ये." हळू आवाजात म्हणाली असती तर मी कदाचित गिळलंही असतं. भावकीतल्या बायकांनी माना वळवल्या. पोरगा तिथेच पाटावर बसला होता, ओल्या धोतरात. त्यानं ऐकलं. तो नारळाच्या शेंड्या नीट करत राहिला. मी मंडपाच्या मागच्या टोकाला गेले. आचाऱ्यानं वरणाचा टोप चढवला होता, तिथे उभी राहिले. तिथून पुढचं सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं.

दार मुद्दाम बंद ठेवलं होतं, तोरण बांधून. मुहूर्तावर उघडायचं आणि पोरानं देव घेऊन, सुनेनं कलश घेऊन आत जायचं. भटजी म्हणाले, "चला, वेळ झाली." तेवढ्यात जावेला आठवलं, की नव्या वस्तूची पूजा राहिली. आपल्याकडे ट्रॅक्टर आला तरी हळदकुंकू, मिक्सर आला तरी हळदकुंकू, मग कुलूप काय वाईट? आणि घर नवं, तर एकीनं कसं चालेल, पाच सवाष्णी पाहिजेत. पाचजणी रांगेनं पुढे झाल्या. पहिलीनं काचेवर हळद लावली, कुंकू लावलं, आणि बोटानंच उघडतं हे गावभर झालेलंच होतं, म्हणून जाता जाता बोटही दाबलं. लाल दिवा लागला आणि आतून एक बाई हिंदीत बोलली, की परत प्रयत्न करा. आमची एक चुलत सासू दचकून म्हणाली, "गो बाय, आत कोन हाय? आपल्या आधीच कोन जाऊन बसली?" सगळ्या हसल्या. दुसरीनं हळद लावली, कुंकू लावलं, बोट दाबलं. तिसरीनं तेच. "तुज्या हाताला गुन नाय, सर, मला लावू दे." चौथी. पाचवी माझी जाऊ. तिनं हळदकुंकवाचा चांगला लपका दिला आणि मानानं, सावकाश तेच माखलेलं बोट टेकवलं. पाच सवाष्णींची पाच बोटं म्हणजे मशीनच्या लेखी पाच चोर. ते जे किंचाळायला लागलं, की मंडपातली पोरं कानावर हात ठेवून पळाली. मग एकदम गप्प झालं. दिवा नाही, आवाज नाही, काही नाही.

"झालं. आता थोडा वेळ ते कुनाचंच ऐकनार नाय," पोरगा म्हणाला. "मग किल्ली लाव," दीर म्हणाले. किल्ल्या कुलपाच्या खोक्यात होत्या आणि खोकं आतल्या कपाटात. मागच्या दाराला पोरानं आतून कडी घातलेली. खिडक्यांना गज. भटजी घड्याळ बघायला लागले. उन्हं मंडपाच्या आत आली होती, सून कलश घेऊन उभी, तिच्या कपाळावरून घाम डोळ्यात जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी वरण ढवळत होते. आत्या, खोटं का सांगू, मला गोड लागत होतं. जन्मात एवढं गोड काही लागलेलं आठवत नाही.

कुलूप परत जागं झालं. पोरानं उपरण्यानं काच पुसली आणि बोट लावलं. पण सकाळपासून संकल्पाचं पाणी, पंचामृत, हळद, सगळं त्याच हातानं झालेलं, धुऊन पुसली तरी बोटं भिजून सुरकुतलेली. लाल. सुनेनं कलशाखालून कसाबसा एक हात सोडवला, त्याच्यावर मेंदी आणि वर हळद. लाल. जावेनं पदराला बोट घासघासून लावलं. तिचंही लाल. पोरगा ओरडला, "आता कोनी हात लावू नका! अजून दोनदा चुकलं की परत बंद." आणि मग एकाएकी सगळ्यांना आठवण झाली, की या गर्दीत एक बाई आहे जिच्या हाताला सकाळपासून कुणी हळदकुंकू लावलेलं नाही.

जाऊ धावत मागे आली. "ताई, चल, बोट लाव."

मी म्हटलं, "सवाष्णी गेल्या काय आत?"

"आत कशा जातील? दार उघडत नाय ना!"

"सवाष्णी आत गेल्या की ये, असं तूच सांगितलंस सकाळी. त्या गेल्या की येते."

"चेष्टा करतेस होय गो? मुहूर्त चाललाय!"

"चेष्टा नाय. वाट बघतेय. मला सवय हाय त्याची."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला कळलं. आचारी झारा हातात घेऊन तसाच उभा. मग पोरगा आला, धोतराचा सोगा सावरत. "आई, चल ना." मी त्याला म्हटलं, "सकाळी चल म्हनाला असतास तर आले असते." त्याचा चेहरा लहानपणी ओटीवर बसायचा तसा झाला. तो माझा हात धरून ओढू शकला असता, पण त्यानं तसं केलं नाही. तो माझ्याजवळ उभा राहिला. तिकडे सुनेचे दंड थरथरताना मला दिसत होते. तिनं माझं कधी काही वाईट केलेलं नाही. मला तिची कीव आली, आणि तरी माझा हात वरणाच्या पळीवरून उठला नाही. भटजींनी पंचांग मिटल्याचं मी बघितलं. ते म्हणाले, "गेला मुहूर्त. आता देवाचं नाव घ्या आणि जमेल तसं चला."

तेव्हा मी पळी खाली ठेवली. बादलीत हात धुतले, पातळाच्या कोरड्या पदराला एकेक बोट पुसलं. मंडपातून चालत गेले तेव्हा बायका बाजूला सरकल्या. एरवीही सरकतात, पण या वेळी वेगळ्या सरकल्या. काच पुसून मी करंगळीशेजारचं बोट टेकवलं. हिरवा दिवा लागला, गाण्यासारखं काहीतरी वाजलं आणि दार सुटलं. मी आत गेले नाही. बाजूला झाले आणि म्हटलं, "जा गो. आधी सवाष्णी." आणि तुमच्या भावकीतली एकेक सवाष्ण, मान खाली घालून, मी उघडलेल्या दारातून आत गेली. शेवटी पोरानं आपल्या बापाचा फोटो आत नेला. त्या फोटोला कुणी मुहूर्त विचारला नाही. हे तुम्हाला दिसलं असेल अशी मी आशा करते.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी टोप घासत होते. जाऊ येऊन समोर बसली. "मुद्दाम केलंस," ती म्हणाली. मी म्हटलं, "होय."

"म्हातारीचा राग माज्यावर काढतेस. छल्ला काय मी मागितला नव्हता."

"परत पन केला नायस."

"तू मागायचा होतास."

"मागितला असता तर दिला असतास?"

तिनं थोडा विचार केला. खोटं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. "नाय," ती म्हणाली. "बरं वाटायचं गो कमरेला."

"मला पन बरं वाटायचं," मी म्हटलं.

मी घासत राहिले, ती पाणी घालत होती. मला वाटलं, आता हे इथे संपेल. मग ती उठता उठता म्हणाली, "पोराचा दिवस नासवलास पन. त्याचा तरी इचार करायचा." आणि ती घासलेली परात उचलून पुढच्या दाराशी गेली, हात धुऊन स्वच्छ झालेला होता, तिनं अंगठा लावला, हिरवा दिवा लागला, दार उघडलं. तिनं वळून माझ्याकडे बघितलं आणि हसली. "हे बघ ताई, माजं पन चालतंय." चिडवायला म्हणाली की नुसतंच बरं वाटून, मला ठरवता आलेलं नाही. कमरेवर तिचा हात मात्र त्याच जागी होता.

हे पत्र कुठे जाणार नाही. तुमचा पत्ता कुणाकडे नाही, आणि असता तरी पोस्टाला मी ते दिलं नसतं, कारण गावातलं पोस्ट म्हणजे दुसरी ओटीच. सध्या जाऊ पोराकडे कुरकुर करते, की कुलूप तिचं बोट घेत नाही, तिला दारात ताटकळत उभं राहावं लागतं. पोराला वाटतं, काचेत हळद गेली असेल नाहीतर तिचंही बोट झिजलं असेल. त्यानं कल्याणच्या त्या माणसाला फोन केला आहे, तो येणार आहे. मी काही बोललेले नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी, पोरगा आणि सून कामावर गेल्यावर, मी चहा पिऊन ओटीवर आले, काचेवर माझं बोट लावलं आणि जावेचं बोट कुलपातून काढून टाकलं.